उमरेडच्या गाडीपर्यंत

साताऱ्याहून निघताना आईनं बजावलं होतं, "नागपूर म्हणजे भट्टी. पाणी पीत राहा." म्हणून स्वेटर घरी ठेवला आणि जानेवारीतल्या सकाळी नागपूर स्टेशनवर दात वाजवत उतरले. बॅगेतून घडीच्या पांढऱ्या काठ्यांची जुडी डोकावत होती. रिक्षावाल्यानं विचारलं, "पडद्याचे रॉड विकून राहिल्या का, मॅडम?"

"नाही हो, चालायला शिकवते."

त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. सक्करदऱ्यापर्यंत बिचारा आरशातून माझे पाय बघत होता.

तिथल्या तलावाजवळच्या एका निवासी शाळेनं आपल्या दृष्टिहीन मुलींना चलनवलन शिकवायला मला पंधरवडाभर बोलावलं होतं. आपण कुठे आहोत हे आवाजावरून, वासावरून, पायाखालच्या जमिनीवरून ओळखायचं आणि काठीच्या साथीनं हवं तिथे एकट्यानं जायचं, म्हणजे चलनवलन. पहिल्याच दिवशी मुलींनी फर्मावलं, "मॅडम, आधी तुम्ही पट्टी बांधा!" बांधली. ऐटीत निघाले आणि थेट पाण्याच्या टाकीला धडकले. नळ सुटला, ओढणी भिजली, थंडीत वाढ झाली.

सगळ्यांत मोठ्यानं हसली ती प्रज्ञा. दहावीतली, उमरेडची. तिला पुढे नागपुरातच कॉलेज करायचं होतं आणि दर शनिवारी एसटीनं एकटीनं घरी जायचं होतं. वडील कोळसा खाणीत नोकरीला. दर शनिवारी तेच न्यायला येत. दहावी झाली की पोरीनं घरी राहावं, असं त्यांचं म्हणणं.

"रस्त्यात काही झालं तं, मॅडम? मी काय जन्मभर मागं मागं फिरू?"

"तेच तर शिकवतेय," मी म्हटलं, "तुम्ही फिरू नये म्हणून."

शेवटी सौदा ठरला. माझ्या शेवटच्या शनिवारी प्रज्ञानं शाळेपासून थांब्यापर्यंत एकटीनं जायचं आणि उमरेडच्या गाडीत बसून दाखवायचं. जमलं तर कॉलेज, नाही तर उमरेड.

रोज सकाळी आमचा सराव चाले. थांब्याजवळ तर्रीपोह्यांचा (पोह्यांवर तिखटजाळ रस्सा) ठेला होता. प्रज्ञानं त्याच्या वासाची खूण धरली. मी म्हटलं, "ठेल्याला चाकं असतात. चाकांवरची खूण धरायची नाही."

"पण प्लेट तं धरता येते ना, मॅडम?"

धरली. मीही धरली आणि नाकातून पाणी येईपर्यंत पोहे खाल्ले. खूण मग आम्ही थांब्यालगतच्या विजेच्या डीपीची धरली. तिची घूंघूं रात्रंदिवस जागची हलत नाही.

तो शनिवार आला. प्रज्ञा पुढे, बऱ्याच मागे तिचे वडील आणि मी. आमच्या कामाचा नियम सोपा आहे : मागे राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. माझ्यासारख्या बडबडीला यातलं दुसरं फार जड जातं. वडिलांना मी शाळेतच शपथ घातली होती.

निम्म्या वाटेपर्यंत छान चाललं होतं. तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेल्या एका बाईंनी प्रज्ञाचा दंडच धरला. "चाल वं पोरी, मी नेऊन देतो तुले." (इकडे बायकाही 'मी देतो' म्हणतात.)

"मावशी, मले तिकडं नाही जायचं..."

"लाजतं काहून (का)?" म्हणत त्या माउलीनं तिला भर चौकातून पलीकडे नेऊन सोडलं आणि पुण्य पदरात बांधून निघून गेली. नागपूरकरांचा जीव मोठा, पण एखाद्याला कुठे जायचंय हे विचारायला त्यांना सवड नसते!

वडील धावणार, इतक्यात मी त्यांची बाही धरली. माझीही जीभ शिवशिवत होती. प्रज्ञा जरा पुढे गेली, थबकली. मान कलती करून ऐकत राहिली. डीपीची घूंघूं रस्त्याच्या पलीकडून येत होती. ती वळली, कडेला आली, सिग्नलला गाड्यांची इंजिनं मंदावेपर्यंत थांबली. मग काठी पुढे करून सरळ निघाली. तेवढा वेळ डोळे गच्च मिटून उभे होते ते तिचे वडील.

ती थांब्यावर पोहोचली. गाडी आली. "उमरेड?" तिनं विचारलं. कंडक्टर म्हणाला, "हो, चढ." ती चढली तसा वडिलांचा धीर सुटला आणि ते दाराकडे धावले. पायरीवरून प्रज्ञा म्हणाली, "बाबा, शाळेपासून तुमच्या चाव्या वाजून राहिल्या माझ्यामागं. आता मागच्या गाडीनं या."

गाडी गेली. वडील बघतच राहिले. "पहा ना, मॅडम, मलेच सोडून गेली." आवाज रडवेला होता आणि चेहरा हसरा. मी त्यांना तर्रीपोहे खायला घातले. प्लेटीमागून प्लेट चालली होती आणि ते मला प्रज्ञाच्या लहानपणच्या खोड्या सांगत होते. समोरून उमरेडची पुढची गाडीही निघून गेली, आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दुपारी परतीच्या रेल्वेत बसले तेव्हा मन नुसतं आनंदानं भरलं होतं. मुलींना पुढे चालायला शिकवणं त्या मानानं सोपं. मागे राहायला शिकवणं अवघड, आणि ते मलाही दर वेळी नव्यानं शिकावं लागतं.

वर्धा येत होतं. फोन वाजला. प्रज्ञा.

"मॅडम, मी कधीची घरी पोहोचली. पण बाबा नाही आले अजून. आई काळजी करून राहिली."

"अगं, येतील. पोहे खात बसले होते."

"हो, पण अंधार पडायच्या आत यायला पाहिजे ना," ती म्हणाली, आणि मागे काठीच्या घड्या उघडल्याचा आवाज आला. "मी जातो स्टँडवर, बाबाले घ्याले."