पांडूचा घाट

महाडच्या एसटी डेपोत पांडू मेकॅनिक आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्याची वाडी. त्याच वाडीतला भरत आणि तो एकाच दिवशी ड्रायव्हरच्या भरतीला गेले होते. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांची वही समोर धरली. भरतनं धडाधड आकडे वाचले. पांडूला ठिपके दिसले, आकडा काही दिसला नाही. लाल आणि हिरवा आपल्याला वेगळे कळत नाहीत, हे त्याला वयाच्या बाविसाव्या वर्षी तिथं समजलं.

भरत ड्रायव्हर झाला. पांडूला पुढं वर्कशॉपमध्ये नोकरी लागली.

भरत महाबळेश्वरची गाडी घेऊन यायचा, केबिनमधून उडी टाकायचा आणि "पांड्या, क्लच बघ रे जरा," म्हणत कॅन्टीनकडं निघायचा. पांडू गाडीखाली सरपटायचा. गाडी आवारात मागंपुढं करण्यापुरतंच स्टिअरिंग त्याच्या हाती यायचं, फाटकाबाहेर कधीच नाही. वाडीतल्या लग्नात लोक भरतला "या डायवरसाहेब" म्हणून पुढं बसवायचे. पांडू हसायचा आणि घरी येऊन बायकोवर, निशावर, काही कारण नसताना खेकसायचा.

पन्नाशीनंतर त्याला ती स्वप्नं पडायला लागली. पहिली पाळी करून तो घरी यायचा, जेवून पंख्याखाली आडवा व्हायचा. एका दुपारी तो केबिनमध्ये बसलेला होता आणि समोर आंबेनळी घाटाचा चढ. त्यानं सवयीनं ब्रेकच्या हवेचा काटा बघितला. काटा सहावर. पुन्हा बघितला तर दोनवर. एवढी हवा उतरली तर ब्रेक जाम होऊन गाडी जागची हलायची नाही, आणि ही तर चालली होती. ‘म्हंजे मी झोपलोय,’ पांडूला कळलं. कळूनही झोप मोडली नाही.

मग त्यानं घाट चढवला. स्टिअरिंगची थरथर तळव्यांतून कोपरापर्यंत चढली. वळणावर भरल्या गाडीचं वजन एका अंगाला कसं झुकतं आणि हळूहळू कसं परत येतं, ते त्याला पाठीत जाणवलं. वरून गार वारा कानात शिरला. जागेपणी यातलं काहीच त्यानं कधी भोगलं नव्हतं. उठला तेव्हा क्लचचा पाय दुखत होता.

असं आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. त्यानं कुणाला सांगितलं नाही.

भरतच्या निवृत्तीचा दिवस आला. शेवटच्या फेरीला पांडू रजा टाकून त्याच्या शेजारच्या सीटवर बसला. एका अवघड वळणाआधी तो पुटपुटला, "आता दुसरा टाक." भरतचा हात तेव्हाच गिअरवर गेला होता.

"तुला रे कसं कळलं?"

"मी पन चालवतो. सपनात." आणि इतक्या वर्षांची सगळी जळजळ ओतावी तसं त्यानं सगळं सांगून टाकलं.

भरतनं गाडी वर महाबळेश्वरच्या स्टँडला लावली. चहा घेताना म्हणाला, "मला बी सपनात गाडी येते. पन ब्रेक लागत नाय. पाय तळाला जातो नि गाडी सुटते खाली. सपान हाय, ते तवा कळतच नाय. तू मला शिकव."

भरतनं त्याच्याकडं असं तोंड उघडून कधी काही मागितलं नव्हतं. पांडूला आतून गोड वाटलं. काट्याची गोष्ट तेवढी त्यानं गाडीत सांगताना गाळली होती, आताही गाळली. "झोपताना उशाशी ग्रीसचं फडकं ठेव," तो म्हणाला. "वासानं कळतं."

महिनाभरानं पोलादपूरच्या बाजारात भरतची बायको, शकू, भेटली. "भावोजी, काय खूळ घातलंत ह्यांच्या डोक्यात? उशीला घाण वास येतोय. नि झोपंत पाय झाडणं चालूच. परवा माझी नडगी फोडली." हसत हसत तिनं लुगडं जरा वर घेऊन काळानिळा डाग दाखवला.

पांडू भाजी न घेताच वाडीवर गेला. भरत पडवीत बसला होता.

"भरत्या, फडक्याचं खोटं हाय. हवेचा काटा दोनदा बघायचा. आकडा बदलला की सपान."

"मग तवा का नाय सांगितलंस?"

"तुझ्याकडं सगळा घाट होता. माझं येवढंच होतं. ते बी तुला देऊ?"

भरत उठला, त्यानं आतून फडकं आणून अंगणातल्या चुलीत टाकलं. "जा घरी," म्हणाला.

दोन महिने दोघांत बोलणं नव्हतं. मग एका सकाळी भरतच पांडूच्या दारात आला. बसला नाही, उभ्यानंच सांगायला लागला.

"काल काटा बघितला. फिरला. मला कळलं रे! ब्रेक दाबला नि लागला. गाडी बाजूला लावली, खाली उतरलो, कठड्यावर बसलो. येवढी वर्सं त्या घाटातनं गेलो, पन दरी कदी बघितली नाय. नजर रस्त्यावरच."

"मग?"

"मग काय? बसलो. बघत."

भरतच्या डोळ्यांत पाणी होतं. पांडूनं "बरं झालं" म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. पण भरत वळणाआड गेला तसा जुना हेवा पुन्हा जागा झाला. इतकी वर्षं स्वप्नात घाट चढवूनही गाडी थांबवून खाली उतरावं हे त्याला एकदाही सुचलं नव्हतं. भरतला पहिल्याच दिवशी सुचलं. निशानं चहा दिला तर त्यात साखर कमी आहे म्हणून तो तिच्यावर ओरडला.

चार दिवसांनी दुपारी पुन्हा घाट आला. काटा सहावरून दोनवर गेला. पांडूनं गाडी थांबवली आणि उतरला. कठडा उन्हानं तापलेला होता, खाली सावित्री नदीची बारीक रेघ. भरत नेमका कुठं बसला होता, हे विचारायचं राहून गेलं होतं. म्हणून तो आधी कठड्याच्या या टोकाला बसला, मग उठून त्या टोकाला.