वाढत्या मापाचं नको

आमच्याकडे कपडे असोत की चप्पल, पोरांना सगळं वाढत्या मापाचंच यायचं. पोलादपूरच्या ज्या डोंगरवाडीत मी वाढले, तिथे अंगाबरोबर बसणारा फ्रॉक घेतला असता तर लोकांनी आईला वेड्यात काढलं असतं. लेकीच्या सायकलिंगसाठी तिच्या बाबांनी मुंबईहून गुडघ्याचे पॅड आणले, कडक प्लॅस्टिकच्या वाट्यांचे, तेही माझ्या सांगण्यावरून एक नंबर मोठे.

महाडला कॉलेजात जायला लागल्यापासून तिला डोंगरातून सायकल हाणायचं वेड लागलं होतं. शिवथरच्या बाजूला एका उतारावर ती पडली तेव्हा दोन्ही पॅड नडगीवर घसरले होते आणि गुडघा उघडा. टाके पडले. जखम भरली तरी मी सायकल पडवीत साखळीने बांधूनच ठेवली. ती रडली, भांडली, जेवणावर रुसली. उमरठच्या उतारावरची शर्यत जवळ आली होती आणि तिला त्यात उतरायचंच होतं.

"आई, चांगले पॅड मिळाले तर सोडशील?"

"मी स्वतः बघून घेईन ते. नायतर सायकल विसर."

वीर स्टेशनहून गाडी पकडून आम्ही दोघी पनवेलला गेलो. दुकानदाराने जे समोर ठेवलं ते बघून माझं डोकंच फिरलं. मऊ, हवं तसं वाकणारं, गोधडीच्या तुकड्यासारखं.

"ही काय उशी हाय? हे काय वाचवणार?"

"ताई, हे एरवी मऊच असतं. जोरात आपटलं की तेवढ्यापुरतं घट्ट होतं आणि मार एका जागी बसू देत नाही."

नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवणारी मी नव्हे. सलवारीवरूनच पॅड चढवला आणि फरशीवर दाणकन गुडघा टेकला. लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला दणका जाणवला, पण कळ आली नाही.

मग नंबरची वेळ आली. सवयीने तोंडून निघालंच, "एक नंबर मोठा द्या." लेकीने फक्त गुडघ्यावरच्या टाक्यांच्या खुणेवर बोट ठेवलं. मी टेपने तिची मांडी मोजली, पोटरी मोजली, आणि तिच्यासाठी पहिल्यांदाच बरोबर मापाची वस्तू घेतली. घेण्याआधी तिला उठाबशा काढायला लावल्या, मांडी घालायला लावली, हवेत पेडल मारायला लावलं. पॅड जागचा हलला नाही. घामाने कातडी सोलवटू नये म्हणून मागे जाळी असलेलाच निवडला.

शर्यतीच्या सकाळी उमरठला एका अवघड वळणाशी जाऊन उभी राहिले. काही पोरं सुसाट गेली, मग ती दिसली, आणि माझ्यासमोरच चाक दगडावरून सरकून ती गुडघ्यावर आपटली. तो आवाज अजून कानात आहे.

"उठू नको गो!" मी ओरडत धावले.

ती उठली. पॅड होता तिथेच होता, वर नुसता पांढरा ओरखडा. तिने गुडघा वाकवून पाहिला, सायकल उचलली आणि माझ्यावरच खेकसली, "आई, वाटेतून बाजूला हो!" मी झाले. ती गेली.

गवताचा भारा घेऊन थांबलेली एक बाई म्हणाली, "कोणाची गो ती? पडली तरी थांबाय तयार नाय!"

"माझी हाय," मी म्हटलं. "आणि ते पॅड बी मीच घेतलेत."