छज्ज्यातल्या सळया

मी एकदा एका भल्या माणसाला मुद्दाम चुकीचं ड्रॉइंग पाठवलं. नजरचुकीने नव्हे, पेन्सिल चावत, गालातल्या गालात हसत, चांगला विचार करून. आपण फार हुशार बाई आहोत असं मला तेव्हा वाटायचं. नातींना हे सांगते तेव्हा त्या हसतात. त्या वेळी मात्र चार दिवस मी हसले नव्हते.

विदर्भाच्या सीमेला लागून असलेल्या आदिलाबादेत आमची सल्लागार इंजिनियरांची छोटी कचेरी होती. कापसाचा मुलूख, त्यामुळे सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या शेडा, गोदामं, गाठी बांधणाऱ्या प्रेसचे पाये, हेच काम. ती कचेरी हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीत विलीन झाली आणि सगळी नव्याने मांडामांड सुरू झाली. कोण राहणार, कोण जाणार, याची यादी होते आहे असं सगळे कुजबुजत. त्यातच कंपनीने परदेशात काम धरायचं ठरवलं. टांझानियात, एका मोठ्या सरोवराजवळच्या कापसाच्या गावी, जिनिंग उभं राहायचं होतं. ड्रॉइंगं आमच्याकडून जाणार आणि बांधकाम तिथला भागीदार इंजिनियर करून घेणार. तो तिथलाच, पण शिकला नागपुरात. चार वर्षं एका मावशींच्या खानावळीत जेवला, म्हणून मराठी बोलायचा. तीही आमच्याकडच्यासारखीच, 'का'ला 'काऊन' म्हणणारी.

नव्या साहेबांनी मला बोलावलं. "मॅडम, हा माणूस भरवशाचा आहे का, तीन महिन्यांत लिहून द्या."

भरवसा मोजायची पट्टी माझ्याकडे नव्हती. होती ती आमच्या जुन्या साहेबांची एक खोडी. नवा माणूस आला की ते त्याच्या सुरुवातीच्या कागदांत एकेक चूक पेरून ठेवत. ती सापडली तर साहेब चहा पाजत, नाही सापडली तर सगळ्यांदेखत त्याने पाजायचा. मी स्वतः तीनदा पाजला होता. पण तो खेळ या टेबलावरून त्या टेबलावर चालायचा. मी तो समुद्रापार पाठवला.

बारा कागदांपैकी सातव्यात छज्जा होता. भिंतीतून पुढे आलेला, समोर खांब नसलेला. त्याच्या सावलीत बायका कापूस निवडायला बसणार. असा छज्जा वजनाने पुढे झुकतो, त्याचं वरचं अंग ताणलं जातं, म्हणून मुख्य सळया वर लागतात. मी त्या खाली दाखवल्या आणि झोकात सही केली. बरोबर कागद माझ्या खणात तयार होता. आठवड्यात त्याचा फोन येईल, दोघं हसू, मी दुसरा कागद पाठवीन आणि साहेबांना लिहून देईन, भरवशाचा आहे.

फोन आला नाही. आठवडा गेला, महिना गेला, दुसराही गेला. रोज वाटे, आपणच कळवावं. रोज वाटे, अजून एक दिवस बघू. एका सोमवारी त्याचा फॅक्स आला. छज्ज्याचं काँक्रीट कधीच झालं, शुक्रवारी सेंट्रिंग काढतो. सळयांबद्दल अक्षर नाही.

सेंट्रिंग म्हणजे ओलं काँक्रीट तोलून धरणारे खालचे टेकू नि फळ्या. ते निघाले की छज्जा स्वतःच्या बळावर उभा. सळया खाली असतील तर तो उभा राहणार नव्हता, आणि टेकू काढणारी माणसं त्याच्याच खाली असतात.

शहाण्या बाईने त्याच मिनिटाला फॅक्स पाठवला असता. पण यंत्र साहेबांच्या दाराशी होतं, आणि माझ्या डोळ्यांपुढे ती यादी. मी सोमवारी मजकूर लिहून फाडला, मंगळवारीही फाडला. रस्त्याने जाताना दुकानांच्या छज्ज्यांखालून चालवेना. भर उन्हात मधून चालायची. घरी सासूबाईंनी ताटाकडे बघितलं.

"काऊन वं, जेवून नाही राह्यली?"

"जेवते ना, आई."

"मंग मान वर करून काय पाहून राह्यली? छत पडून राह्यलं का?"

मी ताटावरून उठले.

बुधवारी मी कार्डावर त्याचा नंबर लिहिला आणि गुरुवारी साइटचं निमित्त करून हायवेवरच्या इचोडा गावी गेले. आदिलाबादेतला फोनबूथवाला आमच्या कॅशियरचा भाऊ होता. इचोड्यात ढाब्याशेजारच्या बूथमध्ये फक्त ट्रकवाले. नंबर लागेना. माझ्यामागे रांग वाढत गेली. घाईत बटणं दोन-दोन दाबली जात. कितव्यांदा तरी तिकडून आवाज आला.

"ताई? तुमी?"

"सेंट्रिंग काढू नका," मी ओरडले. "कोणाला छज्ज्याखाली जाऊ देऊ नका."

मागच्या ट्रकवाल्याने विडी खाली टाकली.

"सेंट्रिंग तर सकाळीच निघालं, ताई. एक दिवस आधी."

"आणि माणसं?"

"खालीच बसून जेवून राह्यली. काऊन?"

"छज्जा उभा आहे?"

"उभा राहील नाही तर काय? सळया मी वर घेतल्या ना. ड्रॉइंग उघडलं त्याच दिवशी."

बूथवाल्याने न सांगता स्टूल पुढे सरकवलं. मी बसले. मग आली ती मेली रडू येण्याआधीची चीड. "मग कळवलं काऊन नाही?"

"खाली तुमची सही होती. तुमच्याकडं माणसं कमी करून राह्यले, असं आयकलं होतं. मी लिहून पाठवलं असतं तर पयलं तुमचंच नाव गेलं असतं. म्हटलं, ताईची चूक आपण इथंच निस्तरून टाकू."

आता 'उपकार झाले' म्हणून फोन ठेवायची किती सोय होती. साहेबांना द्यायचं उत्तरही मिळालं होतं, भरवशाचा आहे. त्यांनी विचारलं होतं ते त्याच्याबद्दल, माझ्याबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. पण चार दिवसांची भीती सुटली आणि तिच्याबरोबर जीभही.

"ती चूक नव्हती," मी म्हणाले. "मी मुद्दाम केलं होतं. तुम्ही पकडता का, ते बघायला."

तिकडून नुसती खरखर येत राहिली. मला वाटलं, लाइन तुटली. तुटली असती तर बरं, असंही वाटलं. त्या माणसाबरोबर मी पुढे निवृत्त होईपर्यंत काम केलं, पण त्या मिनिटाला जशी घाबरले तशी छज्जा पडेल म्हणूनसुद्धा घाबरले नव्हते.

मग तो, आवाज जराही न चढवता, म्हणाला, "ताई, चूक असती तर काही नव्हतं, चूक कोणाचीबी होते. आता तुमच्या भरवशावर सोडलेले ते बाकीचे अकरा कागद मला पयल्यापासून तपासावे लागतीन."