हिराचा शाईचा पॅड

मुलांनो, हिरा गेल्याचं मला आठव्या दिवशी कळलं, तेही रेशनच्या रांगेत, दुसऱ्यांच्या बोलण्यातून. ती माझ्याकडे नेहमी दुपारी, मागच्या दाराने यायची. आमची मैत्री गावात कुणाला ठाऊकच नव्हती, मग निरोप कोण देणार?

ती पोशेरा गावची. नवऱ्याने वीटभट्टीवर टाकून दिल्यावर तिने भिवंडीत धंदा केला. हे तिने मला पहिल्याच भेटीत, चहा फुंकत सांगितलं. परत आल्यावर घाटातल्या ढाब्यांवर तेच काम करणाऱ्या बायकांना तिने एकत्र धरून ठेवलं. कुणाला मार बसला की तक्रारीला सोबत जायची. दवाखान्यात कुणी हाकललं की दारात ठाण मांडायची. अर्जाला मात्र मी लागे. "बाई, तुझा अक्षर बघून साहेब खुर्चीत सरळ बसतो," म्हणायची.

एकदा ढाब्यावर एकीला फार मारलं. पाच जणी साक्षीला तयार झाल्या. मी शिस्तीत यादी केली : अनुक्रमांक, पूर्ण नाव, गाव, तालुका.

"नावां नको ना लिवू, बाई. अंगठं घे फक्त."

"निनावी अर्ज केराच्या टोपलीत जातो, हिरा."

तिने ऐकलं... शिकलेल्या बाईचं ऐकलं. चौकशीला आलेल्या माणसाने साखरशेत गावात ती यादी चारचौघांत वाचली. त्या पाच जणींतल्या मंगलचं सासर तिथलंच; ती ढाब्यावर भाकऱ्या भाजते, एवढंच तिच्या घरी माहीत होतं. सासरच्यांनी तिची मुलगी ठेवून घेतली आणि मंगलला बाहेर काढलं.

हिरा दोन महिने फिरकली नाही. मग आली ती शाईचा पॅड घेऊन. मी माफी मागू लागले.

"रडत काय बसलीस? मंगल माझ्याकडं हाय. पोरीसाठी अर्ज लिव. यादी नको बनवू पण, मास्तरीण!"

ती हसली. मला हसता आलं नाही.

त्यानंतर प्रत्येक अर्जावर एकच नाव असे, हिराचं, शेजारी तिचा अंगठा. खाली बाकीच्यांचे नुसते अंगठे. शिव्या, धमक्या, दारावरच्या लाथा तिच्या एकटीच्या वाट्याला आल्या. मंगलची मुलगी मात्र मिळाली नाही.

परवा दुपारी मागच्या दारात मंगल उभी होती; हे दार हिराने शेवटी तिला सांगून ठेवलं होतं. ढाब्यावर पुन्हा कुणाला तरी मारलं होतं. मी "बस" म्हटलं, ती बसली नाही.

"आता नाव कोणाचा घालशील?" तिने विचारलं.

मी माझं घातलं. पूर्ण नाव, गाव, तालुका. हिराने शेवटच्या खेपेला माझ्याकडे ठेवलेला पॅड वाळला होता; मधोमध हिराच्या अंगठ्याने पडलेला खळगा तसाच होता. त्यात पाण्याचे दोन थेंब टाकले आणि पॅड मंगलपुढे सरकवला.