आठवी चिमूट

आधीच सांगून ठेवते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. मांजर आडवं गेलं की घरातले सगळे थबकायचे आणि मी मुद्दाम पुढे व्हायचे. केमिस्ट्रीची पदवी, त्यात स्वभाव खवचट! पण या सदरात इतरांचे अनुभव वाचले आणि वाटलं, आपलाही एक आपल्याबरोबर जायला नको. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

गोष्ट १९६०च्या आसपासची. बेंगळूरच्या एका कॉलेजात औषधशास्त्र विभागात मी असिस्टंट होते. मागच्या अंगणात कौलारू शेड, त्यात जाळीच्या पिंजऱ्यांत ससे. आमच्या मुख्यांना सगळे नुसतंच ‘डॉक्टर’ म्हणायचे. गावोगावचे वैद्य मधुमेहावर पाला देतात, त्यात खरंच काही आहे का, हे त्यांना तपासायचं होतं. सशांना इंजेक्शन देऊन मधुमेह करायचा, मग पाल्याचा अर्क नळीने पोटात द्यायचा आणि रोज सकाळी त्यांची लघवी तपासायची. परीक्षानळीतल्या निळ्या द्रावणात काही थेंब टाकून उकळायचं... निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, विटेसारखं लाल झालं तर भरपूर. हे काम माझं.

पण जीव अडकला होता तो घरी. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, डायबेटिस होता. रोज इन्सुलिनची सुई, डोळे मंदावलेले, वाचन सुटलेलं. मी चप्पल काढायच्या आत अण्णा विचारायचे, आज सशांचं काय? लाल म्हटलं की दोन घास कमी. हिरवं म्हटलं की दुसऱ्यांदा कॉफी... अर्थात बिनसाखरेची. सिद्ध होईपर्यंत तुम्ही त्या पाल्याला हात लावायचा नाही, असं मी बजावून ठेवलं होतं.

पाला आणायची नंजम्मा. बनशंकरीच्या देवळापलीकडे तेव्हा नुसती शेतं आणि खडक. तिथे राहणारी एकटी म्हातारी, मुलं-बाळं नाहीत, औषधपाणी करायची. आपण ज्याला बेडकीचा पाला म्हणतो तो हा. चावून वर साखर खाल्ली तर वाळू खाल्ल्यासारखी लागते. नंजम्माचा नियम एकच — पाला तोडायच्या आदल्या संध्याकाळी वेलीला आमंत्रण द्यायचं. वेलीखालच्या सपाट दगडावर पाणी शिंपडायचं, जितके रोगी तितक्या हळदीच्या तांदळाच्या चिमटी मांडायच्या, कोणासाठी नेतोय ते सांगायचं आणि पहाटे तोडायचं.

तिने मला विचारलं, किती रोगी? मी म्हटलं पाच, आणि पाचही ससे. मला वाटलं हसेल. ती गंभीरपणे म्हणाली, ससा झाला तरी जीवच. एकदा वेल पाहायला तिच्याबरोबर गेले, तेव्हा दगडावर ओळीने पाच चिमटी मी स्वतः पाहिल्या. मनात म्हटलं, पाखरांची चैन आहे.

त्या पाल्याने नळ्या लालच्या हिरव्या व्हायला लागल्या. अण्णा तर हवेतच. आणि मग थंडीत नंजम्मा वारली.

आमचा माळी त्याच वेलीचा पाला आणू लागला. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी तपासून दिला, तोच होता. कृती तीच, वजन तेच. तरी नळ्या लाल. दुसरी खेप... लाल. डॉक्टर म्हणाले, आता शेवटची खेप, नाही जमलं तर विषय बंद. शंका राहू नये म्हणून पाचाऐवजी सात सशांवर करू. हे दुपारी ठरलं, आम्हा दोघांतच. घरी अण्णांनी तर विचारणंच सोडलं होतं. ते मला सगळ्यात लागलं.

मग मी ते केलं, ज्यावरून दुसऱ्या कोणाची मी मनसोक्त थट्टा केली असती. त्याच दिवशी लवकर निघाले, रुमालात हळदीचे तांदूळ बांधले आणि बस धरली. हातात वहीही घेतली. कोणी भेटलंच तर नमुना घ्यायला आलेय म्हणता आलं असतं.

पोचले तेव्हा ऊन होतं. वेलीखालचा दगड ओला होता, आत्ताच पाणी शिंपडल्यासारखा. आणि त्यावर हळदीच्या तांदळाच्या चिमटी ओळीने मांडलेल्या. मी मोजल्या. सात. आणि जरा बाजूला अजून एक... आठवी.

जवळच एक जण शेळ्या चारत होता. तो दुपारपासून तिथेच होता. म्हणाला, आजी गेल्यापासून इकडे कोणी फिरकत नाही.

सात ससे हे आम्हा दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. आणि आठवी? अण्णांबद्दल मी नंजम्माला कधी अवाक्षर बोलले नव्हते. घरचं रडगाणं कामावर गायचं नाही, हा माझा तोरा. खरं तर भीती वाटायला हवी होती. मला रडू आलं, आणि रडून फार बरं वाटलं.

पहाटे परत जाऊन पाला मी माझ्या हाताने तोडला. चौथ्या दिवशी पाच नळ्या हिरव्या, दोन निळ्या. द्रावण बिघडलं असेल म्हणून डॉक्टरांनी स्वतः नवं केलं. तरी तेच. मग मी त्यांना सगळं सांगितलं. माळी पाला भर दुपारी तोडायचा, पहाटेच्या पाल्यात फरक असू शकतो, असं ते म्हणाले. मलाही ते पटलं. पण त्या आठ चिमटींचं काय, मी विचारलं.

“पेपरात लिहिता येणार नाही,” ते म्हणाले. “पण तुम्ही तशाच जात जा.”

काम पुढे चालू राहिलं. घरी अण्णांना सांगितलं, तेव्हा ते गालात हसले.

“आठवी माझी, असं धरून चालू. पण नंबर आठवा ना? सरी, ठीक आहे, मग आधी त्या सातांचं होऊ दे. मला स्वल्पही घाई नाही.”

त्या रात्री बऱ्याच दिवसांनी ते पोटभर जेवले.

खोटं कशाला सांगू, अण्णांची सुई काही सुटली नाही. त्यांच्या हयातीत त्या पाल्याची गोळी निघाली नाही. पण पुढे कितीतरी वर्षं ते स्वतःच्या पायांनी हिंडले, रोज नव्या आशेने. दगडावर मी मांडलेल्यांखेरीज दुसऱ्या चिमटी पुन्हा कधी दिसल्या नाहीत. त्या दिवशीच्या कोणी मांडल्या, हे मला आजही माहीत नाही.

मी मात्र ते काम होतं तोवर सशांपेक्षा एक चिमूट जास्तच मांडत राहिले. अण्णा गेल्यानंतरही. कोणाच्या ना कोणाच्या घरी कोणीतरी वाट बघत असणारच.