रिकामी कात्री

मास्तरांच्या सलूनमध्ये कात्री कधी गप्प बसत नसे. केसांवर दोनदा चालली की हवेत चारदा. गोष्ट रंगात आली की तीही कचकच करत रंगात यायची. सगळी हयात अशी गेली आणि मग उजव्या कोपराने दगा दिला. कप उचलताना कळ, कुलूप उघडताना कळ. मास्तरांनी तेल चोळलं, फडकं बांधलं. पण एका सकाळी शेजारच्या शाळेतल्या गुरुजींची दाढी करताना, गोष्ट अर्ध्यावर असतानाच, वस्तरा हातातून निसटला आणि टॉवेलवर पडला. ओरखडाही नाही, तरी गुरुजी अर्ध्या दाढीनिशी उठून गेले.

बातमी मेव्हण्याच्या कानी गेलीच. त्याला सलूनच्या जागेत मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. येऊन खुर्चीत गोल फिरत तो म्हणाला, "दाजी, हातच गेला तर खुर्ची ठेवून करायचं काय?"

त्याच दुपारी मास्तर फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेले. बाईंनी हातात हलकं वजन दिलं, मनगट सावकाश खाली न्यायला शिकवलं, मध्ये विश्रांती सांगितली. सावकाश हे मास्तरांच्या रक्तात नव्हतं. चहाला उकळी येईपर्यंत ते दिवसभराचा व्यायाम उरकून टाकत आणि दुखरी जागा अंगठ्याने दाबून बघत, गेलं का म्हणून.

"कोपर आहे तो, बटण नाही," बायको म्हणाली. "दाबून काय दिवा लागणार आहे?"

दुखणं हटेना, तेव्हा बाईंनी कात्री-कंगवा घेऊन बोलावलं आणि दवाखान्याच्या वॉचमनला खुर्चीत बसवलं. मास्तर कापायला लागले, गोष्टही सुरू झाली. बाई केसांकडे नाही, हाताकडे बघत होत्या.

"काका, आत्ता काय कापलंत?"

"मानेवरचे."

"ते कापून झाले. त्यानंतर?"

मास्तरांनी हाताकडे पाहिलं. कात्री हवेत होती, अजून चालूच.

"हवा काही वाढत नाही, काका. तिला सोडा."

सोडणं सोपं नव्हतं. कात्री थांबली की तोंडही थांबायचं. घरी भांडण झालंय का, असं गिऱ्हाईकं विचारू लागली. मास्तर कात्री खाली ठेवत, मूठ खिशात कोंबत, दोन वाक्यं बोलत, मग पुन्हा कात्री उचलत. जीव नुसता तगमगायचा. मेव्हणा अधूनमधून डोकावून भिंतींची मापं डोळ्यांनी घेऊन जाई. पण कोपर निवत गेला. चहाची किटली उचलताना कळ आली नाही, हे मास्तरांच्या किटली ठेवल्यावर लक्षात आलं.

शेवटी गुरुजी आले. आधी वस्तऱ्याकडे, मग मास्तरांकडे बघून बसले. नेमका मेव्हणाही दारात. वस्तरा हनुवटीखालून वर आला, जराही थरथरला नाही. गुरुजींनी खांदे सैल सोडले. "मास्तर, ती गोष्ट राहिली होती अर्धी."

मास्तर सांगू लागले. हात शांत होता. खुर्चीखालून मात्र टकटक येत होती. मेव्हण्याने वाकून पाहिलं, मास्तरांची चप्पल फरशीवर नाचत होती.

"दाजी," तो जायला वळत म्हणाला, "आता घोट्याला सांभाळा."