तुदाची पाळी

तुदाला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते पाटात, गुडघाभर चिखलात. ॲटलस पर्वताच्या उतारावरच्या आमच्या वस्तीत बर्फ वितळायच्या आधी पाट उपसतात. घरटी एक पुरुष यायचा. ज्या घरचा येणार नाही, त्याची पाण्याची पाळी त्या वर्षी बंद. तुदाचा नवरा कासाब्लांकात बांधकामावरून पडून गेला होता. मुलगा नव्हता. म्हणून तीच फावडं घेऊन आली.

दिवसभर तिनं गाळ काढला. संध्याकाळी पाटकरी हद्दूनं घरं मोजताना तिचं वगळलं.

"हद्दूदादा, माझं घर दिसत नाही का?"

"तुझ्या घरचा पुरुष कुठाय?"

"जमिनीखाली. उपसून आणू?"

लोक हसले. पाळी गेली ती गेलीच. उन्हाळ्यात उरलेलं पाणी ओढ्याला सोडलं, पण तिच्या वाळत्या मक्याला दिलं नाही. मी बोलायला गेलो, तर हद्दू म्हणाला, "मास्तर, तुम्ही शाळेचं बघा." पाटावरचं लोकांचं ते हसणं आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

ती दर वर्षी येत राहिली आणि दर वर्षी वगळली गेली. मग पुरुष एकेक करून शहरांकडे गेले. एका वर्षी तर पाटात तुदा आणि दोन बायकाच होत्या, काठावर काठी टेकून म्हातारा हद्दू. उन्हाळ्यात बाकीचे गाड्या घेऊन सुट्टीला आले. तुदानं त्यांच्या बागांकडची पाटाची तोंडं दगडमातीनं बुजवली होती. ती तिथंच बसली होती, मांडीवर फावडं.

"मावशे, ऊठ. अक्रोड सुकतायत माझे," हद्दूचा पुतण्या मोहा म्हणाला.

"उपसायला आला होतास?"

"माराकेशला नोकरी आहे माझी."

"माझा नवरा कबरीत होता. त्याला कुठं सूट मिळाली?"

मोहा वळला. "काका, सांगा हिला."

हद्दूनं बुजवलेलं तोंड काठीनं चाचपून पाहिलं. रिवाज मोडायचा तर पुतण्यासाठी, पाळायचा तर त्याच्याविरुद्ध. शेवटी पुटपुटला, "जी राबली तिचं घर धरायचं. तुमची पाळी बंद."

"म्हणजे आता बाईचं राज्य," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुमच्या राज्यात माझं शेत इतके उन्हाळे जाळलंत," तुदा म्हणाली, "ते कोण भरून देणार?"

ते आजवर कुणी भरून दिलेलं नाही.

तुदाला आता दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर पाणी मिळतं. तिनं कांदा लावलाय. हद्दूशी ती बोलत नाही.